चार नंबरची कॅन

मित्रांनो, माझ्या पोटात एका वेळी चाळीस लिटर दूध मावतं. म्हणजे चाळीस घरांचा सकाळचा चहा, लहान मुलांचे पेले आणि आजोबांच्या वाटीतली साय. मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची कॅन आहे. दिल्लीच्या शेजारी, फरीदाबादच्या पलीकडे यमुनेच्या बाजूला एक लहानशी डेअरी आहे, तिथे मी राहते. अंगावर लाल रंगाने मोठा चारचा आकडा काढलेला आहे. तेच माझं नाव. माझ्या गळ्याला एक पोचा आहे. त्याची हकिगत सांगायला आता मला लाज वाटत नाही, म्हणूनच तर आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म फरीदाबादच्याच एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली गेली आणि दाबून, ओढून, घासून माझं पोट तयार झालं. मग गळा, मग दोन्ही बाजूंना दोन भक्कम कान. झाकण सगळ्यात शेवटी आलं आणि झाकणाच्या खाली एक पांढरी रबरी रिंग बसली, दूध सांडू नये म्हणून. एका कारागिराने माझ्यात काठोकाठ पाणी भरलं, झाकण लावून मला आडवं केलं आणि बराच वेळ बघत बसला. एक थेंबही गळला नाही. "ये चलेगी," तो म्हणाला. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी.

मला ज्यांनी विकत घेतलं ती माणसं गवळी नव्हती. राजाराम मेश्राम केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. तीस वर्षं त्यांचा संसार लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. त्यांच्या पत्नी शीला भंडारा जिल्ह्यातल्या. त्यांच्या वडिलांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि शीलाकाकूंना शाळेत जायच्या आधीपासून धार काढता येत होती. दिल्लीत आल्यावर त्यांनी तीस वर्षं पिशवीतलं दूध तापवलं आणि रोज एकदा तरी "ह्याला काही चव नाही" असं म्हटलं.

निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा त्या राजारामकाकांना म्हणाल्या, "अहो, मला गोठा करायचा आहे."

"दिल्लीत?"

"दिल्लीत कोण जागा देणार? बाहेर बघू. नागपूरचा प्लॉट विकून येईल तेवढी."

काकांना आधी ती गंमत वाटली. मग लक्षात आलं की बाई गंमत करत नाहीये. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. "ऑफिसातल्या लोकांना सांगायचं नाही. मी फरीदाबादला फार्महाउस घेतलं, एवढंच सांगेन."

अशा रीतीने मी आणि माझ्या पाच बहिणी ह्या फार्महाउसवर आलो. तेव्हा तिथे दोन साहीवाल गाई, एक मुऱ्हा म्हैस, पत्र्याची एक शेड आणि पुष्कळ चिखल होता. आज नऊ गाई आणि चार म्हशी आहेत. शेणावर चालणारा गॅस आहे. घराच्या ओसरीत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्या शेजारी बुद्धांची मूर्ती आहे आणि समोरच्या खुंटीवर दूध गाळायची पांढरी फडकी वाळत असतात. गोठ्यात मदतीला गावातले रामफलभाई आहेत. ते हरियाणवीत गाईंशी बोलतात, शीलाकाकू मराठीत बोलतात आणि गाईंना दोन्ही कळतं.

आमचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. धार काढली की दूध फडक्यातून गाळून आमच्यात ओतायचं. ताजं दूध कोमट असतं मित्रांनो, आणि त्याला फेसाचा एक पांढरा मुकुट असतो. मग आम्हा सगळ्यांना गार पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत उभं करायचं. दूध निवलं की गाडीत चढायचं. गाडी चालवायची लुंबिनी, म्हणजे काका-काकूंची मुलगी. ती दुधाचंच शास्त्र शिकलेली, दोन वर्षं एका मोठ्या कंपनीत नोकरी करून परत आलेली. अरवलीच्या टेकड्यांमधल्या रस्त्याने ती आम्हाला गुरुग्रामला न्यायची. तिथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. त्यातल्या एका सोसायटीच्या आवारात आम्ही सहाच्या सुमारास उभ्या राहायचो. ए टॉवरला एक नंबर आणि दोन नंबर, बी टॉवरला तीन नंबर आणि सगळ्यात शेवटी सी टॉवरला मी. पाच आणि सहा नंबर फरीदाबादच्या घरांना जायच्या.

त्या सोसायटीत आम्हाला नेलं होतं अलकनंदाताई गोखल्यांनी. सत्तरीच्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. कोणाकडे तरी त्यांनी आमचं दूध प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी टॉवरच्या बायकांना सांगितलं, "ये लोग मेरे भरोसे के हैं." बस्स, तेवढ्यावर शंभरेक घरं आमची झाली.

आता पोच्याबद्दल. मला तीन वर्षं झाली होती तेव्हा सोसायटीच्या उतारावर गाडीचं मागचं फळकूट उघडलं आणि मी खाली पडले. गडगडत भिंतीवर आदळले. गळा एका बाजूने आत दबला. शीलाकाकूंनी घरी आल्यावर लाकडी हातोडीने ठोकून तो पुष्कळसा सरळ केला, पण पुरता नाही. रबरी रिंग एका जागी किंचित उचललेली राहायची आणि तिच्याखाली दुधाची चिमूटभर साय जाऊन बसायची.

"हिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागणार," काकू स्वतःशीच म्हणाल्या.

आणि त्यांनी ते दिलं. बाकीच्या कॅन धुऊन झाल्या की सगळ्यात शेवटी माझी पाळी. आधी गार पाणी, मग सोडा घातलेलं गरम पाणी आणि ब्रश, मग उकळतं पाणी. रिंग काढून ती वेगळी घासायची, खाचेतून फडक्याचं टोक फिरवायचं. मग मला उन्हात फळीवर उपडं घालायचं. माझ्यावर सगळ्यात जास्त वेळ जायचा म्हणून मी स्वतःला सगळ्यात लाडकी समजायचे. वेडीच होते.

सात-आठ वर्षं अशी मजेत गेली. राजारामकाका गोठ्याचं रजिस्टर ठेवायचे: कोणती गाय कधी गाभण, कोणाला कधी लस. अक्षर मोत्यासारखं. पण ते दूध द्यायला कधी येत नसत आणि लक्ष्मीबाई नगरात दूध द्यायचं काकूंनी सुचवलं की विषय बदलत. जुने सहकारी फोनवर विचारायचे, "क्या चल रहा है साहब?" त्यावर ते म्हणायचे, "बस, थोड़ी खेती-बाड़ी." मला ते ऐकू यायचं. मला वाटायचं, माझ्यात काय वाईट आहे?

मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आला.

तांबडी नावाची आमची सगळ्यात जुनी साहीवाल गाय व्यायला झाली होती आणि अडली. वासराचा एक पाय आत दुमडला होता. डॉक्टर आले, त्यांनी वासरू सोडवलं, पण तांबडी उठेना. शीलाकाकू तीन दिवस तिच्यापाशीच होत्या. तिला गोणपाटाने शेकायचं, कूस बदलून द्यायची, बाटलीने गूळपाणी पाजायचं, वासराला चीक पाजायचा. रामफलभाई त्यांच्या हाताखाली. कॅन धुवायला माणूसच उरला नाही.

"मी धुतो," राजारामकाका म्हणाले. "त्यात काय आहे?"

काकूंनी मान डोलावली. त्या गाईकडे बघत होत्या. काय करायचं ते काकूंनी सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही.

काकांनी मनापासून धुतलं मित्रांनो, हे मी साक्षीने सांगते. बाह्या सरसावून, बाहेरून आम्हाला इतकं घासलं की आमच्यात तोंड दिसावं. पण गॅसवर सारखं तांबडीसाठी पाणी तापत होतं, म्हणून त्यांनी आमच्यासाठी गारच पाणी घेतलं. आणि झाकणाखालची रिंग निघते, हे त्यांना माहीतच नव्हतं. एक दिवस गेला. दोन गेले. माझ्या पोच्यापाशी रिंगेखाली साय साचली, आंबट झाली, पिवळी पडली. मला ते कळत होतं. पण कॅनला बोलता येत नाही.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी सी टॉवरखाली उभी राहिले. लुंबिनीने मापाने दूध ओतून दिलं. आम्ही परत निघालो. टेकड्या ओलांडायच्या आतच तिचा फोन वाजायला लागला आणि थांबेना. सी टॉवरच्या घराघरात दूध तापवायला ठेवल्याबरोबर फाटलं होतं. कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "दूध में केमिकल है." दुसऱ्याने लिहिलं, "पावडर का दूध है, मुझे पहले से शक था." दुपारपर्यंत सेक्रेटरीबाईंचा निरोप आला. रविवारी दहा वाजता क्लब हाउसमध्ये यावं आणि खुलासा करावा. तोपर्यंत दूध बंद.

लुंबिनीने घरी येऊन आम्हा सहाजणींना एका ओळीत लावलं. एकेकीचं झाकण काढून नाक आत घातलं. माझ्यापाशी ती थांबली. नखाने रिंग उचकटली. खालची पिवळी कड तिने आईला दाखवली.

"आई, फक्त सी टॉवरचं दूध नासलं. म्हणजे फक्त हीच."

शीलाकाकूंनी रिंग हातात घेतली आणि नवऱ्याकडे पाहिलं.  राजारामकाकांचा चेहरा असा झाला की मला माझा पोचा विसरायला झाला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक साधा मेमो मिळाला नव्हता.

ते ओसरीवर जाऊन बसले. मग म्हणाले, "सी टॉवर शेवटी असतो. मे महिना आहे. ऊन चढल्यामुळे नासलं म्हणून सांगू. लोकांना पटेल."

"पटेल की," काकू म्हणाल्या.

"खोटं पण नाही अगदी. गरमी तर आहेच."

"अहो, आपण रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यात खोटं बोलणार नाही असंही म्हणतो. उद्या ते म्हणून निघायचं आणि तिथे जाऊन ऊन चढलं म्हणायचं का?"

 लुंबिनी म्हणाली, "बाबा, शंभर घरं गेली तर चार-पाच गाई विकाव्या लागतील. मलाही भीती वाटते. पण उन्हाचं सांगितलं तर परत असं झाल्यावर काय सांगणार?"

"बरं," काका अगदी हळू म्हणाले. "निदान कॅन धुऊन तरी नेऊ."

"धुतली तर मग दाखवायचं काय?" शीलाकाकू म्हणाल्या. "आहे तशीच न्यायची."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी न धुता गेले. रविवारी सकाळी लुंबिनीने आणि काकूंनी मला उचलून क्लब हाउसमधल्या लांब टेबलावर ठेवलं. खाली चकचकीत फरशी, वर गार हवा, समोर साठ-सत्तर माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती. मला त्या फरशीत घुसून जावंसं वाटलं.

पहिल्या रांगेत अलकनंदाताई बसल्या होत्या. त्या मराठीतच म्हणाल्या, "शीलाताई, माझ्या शब्दावर ह्या लोकांनी तुमचं दूध घेतलं. आता मला काय ते स्पष्ट सांगा."

शीलाकाकूंनी माझं झाकण काढलं. वास पहिल्या दोन रांगांपर्यंत गेला असावा, कारण माणसं मागे सरली. काकूंनी रिंग काढून हातावर धरली आणि त्यांच्या साध्या हिंदीत सांगितलं. दुधात काही मिसळलेलं नाही. दूध आमच्याच गाईंचं आहे. पण ही कॅन नीट धुतली गेली नव्हती. हिच्या गळ्याला मार लागलेला आहे, तिथे मलई साचते, हे मला माहीत होतं. गाय आजारी होती म्हणून मी तीन दिवस इकडे लक्ष दिलं नाही आणि दुसऱ्याला नीट सांगितलंही नाही. म्हणून ही माझी चूक आहे.

मागून एकजण म्हणाला, "तो धोया किसने था?"

काकूंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी शेवटच्या खुर्चीवरून राजारामकाका उठले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. ते चालत टेबलापाशी आले आणि त्यांनी माझ्या कानावर हात ठेवला.  

"डिब्बे मैंने धोए थे," ते म्हणाले. "गरम पानी नहीं लिया. रबर नहीं निकाला. मुझे आता नहीं था और मैंने पूछा नहीं. मैं सरकारी अफ़सर था, मुझे लगा बर्तन धोने में क्या सीखना."

 मग सी टॉवरच्या अपूर्वा नावाच्या एक आई उठल्या. कडेवर वर्षाचं बाळ होतं. त्या मराठीत बोलल्या, आवाज चढवला नाही. "काका, तुम्ही खरं सांगितलंत, अच्छा वाटलं. पण माझं बाळ हेच दूध पितं. काल दूध तापवताना फाटलं म्हणून मला कळलं. थोडंसंच खराब असतं आणि फाटलं नसतं तर?"

 काकांनी बाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. शब्द देऊन ते भरून येणार नाही. तुम्ही गोठ्यावर या. कळवू नका, अचानक या. तुमच्या डोळ्यांना पटलं तरच घ्या."

सेक्रेटरीबाईंनी ठरवलं, दोन आठवडे दूध बंद, मग बघू. अलकनंदाताई जाताना आमच्यापाशी थांबल्या. "रागावले आहे मी," त्या म्हणाल्या. "पण माझा शब्द मी मागे घेतलेला नाही."

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. गाईंना बंदी कळत नाही. त्या रोज तेवढंच दूध देत होत्या. शंभर लिटरहून जास्त दूध रोज उरायला लागलं. पहिल्या दिवशी शीलाकाकू सगळ्या पातेल्यांकडे बघत उभ्या राहिल्या, मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, आता माझ्या आईची पोरगी होते."

त्यांनी विरजण लावलं. मलमलच्या फडक्यात दही बांधून चक्का टांगला. लोणी काढून मंद आचेवर कढवलं आणि त्या तुपाचा वास असा पसरला की रस्त्याने जाणारे ट्रॅक्टर थांबायला लागले. तळाची बेरी लुंबिनीने साखर घालून रामफलभाईंना दिली. म्हशीच्या दुधाचा खवा आटवला. तांबडी एव्हाना उठून उभी राहिली होती, आणि मागोमाग मेघा नावाची म्हैस व्यायली. तिच्या रेडकाचं पोट भरून उरलेल्या चिकाचा वेलची घालून खरवस केला. रामफलभाईंकडे त्याला खीस म्हणतात. त्यांनी खाऊन पाहिला आणि म्हणाले, "दीदी, नाम कुछ भी हो, एक और दो."

एवढं सगळं झालं, पण ते घेणार कोण? दही, चक्का, खरवस काही थांबत नाही. शीलाकाकूंनी काही सुचवायच्या आत राजारामकाका म्हणाले, "गाडीत ठेव. मी लक्ष्मीबाई नगरला जातो."

"तुम्ही?"

"सत्तर माणसांसमोर सांगून आलो की मला भांडी धुता येत नाहीत. आता लपवायला काय राहिलं?"

मला तेव्हा सोबत नेलं नव्हतं, पण लुंबिनीने परत आल्यावर आईला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. काकांनी स्वतः पहिली बेल वाजवली. दार समाधान वासनिकांनी उघडलं. हे त्यांच्याच खात्यातले, त्यांच्या हाताखाली काम केलेले. "जय भीम, सर. तुम्ही इकडे?" म्हणून ते गोंधळले. काकांनी डबा पुढे केला. "जय भीम. माझी डेअरी आहे, समाधान. दहा वर्षं झाली. हा खरवस आहे, शीलाने केलेला." समाधानभाऊंनी एक वडी तोंडात टाकली आणि दाराला टेकून उभे राहिले. त्यांच्या आईच्या माघारी, म्हणजे चौदा वर्षांत, त्यांनी खरवस खाल्ला नव्हता. मग त्यांनीच शेजारच्या क्वार्टरांच्या बेल वाजवल्या. पुण्याचे, लातूरचे, अमरावतीचे लोक बाहेर आले. काहींच्या मुलांना चक्का हा शब्दच माहीत नव्हता. त्यांना तो हिंदीतला छक्का, म्हणजे सिक्सर वाटला. संध्याकाळपर्यंत सगळे डबे रिकामे झाले आणि काका घरी येऊन हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी अपूर्वा आल्या, न कळवता, सकाळी आठला. फाटक उघडंच होतं. राजारामकाका मोरीपाशी पाटावर बसले होते, कोपरापर्यंत बाह्या, समोर वाफाळणारं पाणी. पाच कॅन उपड्या वाळत होत्या आणि पाच रबरी रिंगा पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या. काकांना कोणी आल्याचं कळलं नाही. ते सहावी घासत होते. अपूर्वा बराच वेळ मागे उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी पुढे येऊन एक रिंग उचलली, उजेडात धरली, वास घेतला आणि जागच्या जागी ठेवली.

"उद्यापासून एक लिटर," त्या म्हणाल्या.

सगळी घरं परत आली नाहीत. अकरा घरांनी दूध कायमचं बंद केलं आणि त्यांचा काही दोष नाही. पण एकही गाय विकावी लागली नाही. आणि आता आमच्या गाडीत दुधाबरोबर तूप, पनीर, चक्का आणि खवा असतो. दर मंगळवारी लक्ष्मीबाई नगरची फेरी असते, ती राजारामकाका स्वतः करतात. फोनवर कोणी "क्या चल रहा है साहब?" विचारलं, तर म्हणतात, "डेअरी चल रही है."

माझं काय झालं, ते सांगायचं राहिलं. लुंबिनीने नव्या स्टीलच्या सहा कॅन आणल्या. माझ्या पाच बहिणी गावातल्या दुसऱ्या गोठ्यात गेल्या. पण पोचा असलेल्या कॅनमध्ये दूध कोणीच भरू नये, असं तिने बजावलं, आणि ते खरंच होतं. मी शेडच्या मागे वैरणीच्या कोपऱ्यात पडून राहिले. पावसाळा गेला, हिवाळा आला. अंगावर धूळ बसली. एका मैनेने माझ्यात काड्या आणून टाकल्या. मला वाईट वाटत होतं, पण राग नव्हता. ज्या दिवशी सगळ्यात जास्त लाज वाटली, त्या दिवशी मी खऱ्याच्या बाजूने टेबलावर उभी होते. किती कॅनना असं म्हणता येईल?

जानेवारीत भंगारवाला आला. त्याने मला उचलून हातात तोललं. तेवढ्यात काका घरातून बाहेर आले.

"ती नाही द्यायची."

"बाबा, काय करणार आहात तिचं?" लुंबिनीने विचारलं.

"बघ तू."

त्यांनी माझ्यातल्या काड्या जपून काढून शेडच्या वळचणीला ठेवल्या. मला आतून बाहेरून घासलं, शेगडीपाशी एक ओटा बांधून त्यावर उभं केलं आणि पुसट झालेला चारचा आकडा लाल रंगाने पुन्हा काढला. रोज पहाटे गॅसवर पाणी उकळतं आणि ते माझ्यात ओतलं जातं. चाळीस लिटर. अ‍ॅल्युमिनियम तापतं, माझ्या तोंडातून वाफ निघते आणि थंडीच्या दिवसांत रामफलभाई माझ्या पोटाला हात लावून शेकून घेतात.

सुट्टीच्या दिवशी गुरुग्रामची मुलं गोठा बघायला येतात. वासरांना हात लावतात, ताक पितात. राजारामकाका त्यांना माझ्यापाशी आणतात आणि रिंग कशी काढायची, खाच कशी पुसायची ते शिकवतात. मित्रांनो, तुम्ही इथे येऊ शकला नाहीत तरी एक काम करा. तुमच्या शाळेच्या डब्याला आणि पाण्याच्या बाटलीलाही अशीच एक रबरी रिंग असते. आज ती काढून बघा. खाली काय दिसतं ते आईला दाखवायला लाजू नका. गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि रोज तसंच करा. वस्तू बिचाऱ्या बोलत नाहीत, तुम्हालाच त्यांच्याकडे वाकून पाहावं लागतं.

एवढं बोलून मी थांबते, कारण उजाडायला आलं आहे आणि पाण्याला आधण आलं आहे. आता त्या स्टीलच्या सहाही कॅन एकामागून एक माझ्यासमोर येतील. दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी देखण्या आहेत त्या. पण माझ्यातलं पाणी अंगावर घेतल्याशिवाय त्यांच्यातल्या एकीलाही दुधाला हात लावता येत नाही.